खाणीच्या तोंडाशी फोडलेला नारळ

कुठे दुकानाचे उद्घाटन असले आणि नारळ फुटला की मला आजही एक जुनी घटना आठवते. टाळ्या वाजवण्याआधी मी क्षणभर कान देऊन थांबतो. बायको म्हणते, लोकांना वाटेल तुम्हाला ऐकू कमी येते. वाटू दे.

रायपूर नुकतेच राजधानी झाले होते आणि मी बूढ़ापाऱ्याच्या वस्तीजवळच्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. वडिलांच्या रेल्वेच्या नोकरीमुळे आमचे नागपूरकडचे घर कधीच इथले झाले होते. शहरात त्या दिवसांत वेगळाच वारा शिरला होता. नव्या राज्याच्या जमिनीखाली काय काय दडले आहे याच्या गप्पा प्रत्येक पानठेल्यावर चालायच्या. आपल्या नळाला पाणी कुठून येते हे ज्याला ठाऊक नाही, तोसुद्धा डोंगराच्या पोटात काय आहे ते ठासून सांगायचा.

अशात तेलीबांध्याच्या एका नव्या इमारतीत एका छोट्या खाण कंपनीने कार्यालय थाटले. अभनपूरच्या पुढे एका डोंगरीत हिऱ्यांची खाण तयार होत आहे, आज शेअर घ्या, खाण सुरू झाली की कंपनी शेअर बाजारात येईल आणि मग हे शेअर तुमच्या हाताला लागायचे नाहीत, असे तिचा संचालक सांगायचा. बोलणे मऊ, कपडे पांढरे. मंत्रालयातले बाबू, बँकेतले लोक, आमच्या मराठी वस्तीतले निवृत्त रेल्वेवाले, सगळ्यांनी शेअर घेतले. टोक मोडून पाहिल्याशिवाय पाव किलो भेंडी न घेणारी ही माणसे. शेअरचे कागद त्यांनी देवघरात लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवले आणि त्यांना हळदकुंकू वाहिले.

मग एके दिवशी कार्यालयाला कुलूप दिसले आणि सगळी मंडळी माझ्या ठाण्यात आली.

"खाण तुम्ही पाहिली होती का?" मी एकेकाला विचारले.

"पाहिली ना, साहेब. ऐकली बी," एक निवृत्त बँकवाले म्हणाले. "कंपनीची बस घेऊन गेली होती. बोगद्याच्या तोंडाशी पूजा झाली, नारळ फोडला, अन् खालून आवाज येऊन राहिला, धप्प, धप्प. अंगावर काटा आला. खोटं कसं समजायचं?"

दुसऱ्यानेही तेच सांगितले, तिसऱ्यानेही. नारळ फुटला आणि डोंगराने हुंकार दिला. काही जण तर हे सांगताना हात जोडत होते. मी विचारले, मजूर दिसले का? बाहेर चपला होत्या? जेवणाचे डबे, सायकली? चहाची टपरी? दहा माणसे राबतात तिथे टपरी आपोआप उगवते. हे पोलिसाला कळते, कारण चहा त्यालाही लागतो. कोणालाच काही आठवेना. आवाज मात्र सर्वांना आठवत होता.

आणखी एका गोष्टीवर सर्वांचे एकमत होते. बूढ़ापाऱ्यातच राहणारा एक निवृत्त गँगमेट, म्हणजे रेल्वेचे रूळ सांभाळणाऱ्या टोळीचा मुकादम, याने त्यांना या कंपनीत ओढले होते. त्याने आधी स्वतःचा सगळा फंड घातला, मग शेजारपाजाऱ्यांना सांगत सुटला. कंपनीने त्याला खाणीवर देखरेखीचे काम दिले होते. आता तोही गायब होता.

"त्यानंच मुंडी मुरगाळली, साहेब," लोक म्हणाले. "तोच घेऊन पळाला."

हे सगळे चालू असताना बाकावर एक साठीच्या आसपासची बाई गप्प बसून होती. गर्दी पांगल्यावर ती उठून टेबलाजवळ आली. ती त्या गँगमेटची बायको होती.

"माझं पैशाचं काही नाही, साहेब. आमचे हे दर शनिवारी घरी येतात. या शनिवारी आले नाहीत."

"काकू, लोक म्हणतात पळाले."

"पळणारा माणूस बीपीच्या पुढच्या आठवड्याच्या गोळ्या घरी ठेवून जाते का?" तिने पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली.

मला ते पटले. माणूस हरवल्याची खबर आली की आमच्याकडे 'गुम इन्सान' म्हणून नोंद होते. मुन्शीने, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाने, रजिस्टर उघडले आणि नवऱ्याचे नाव विचारले. बाईने रेशन कार्ड पुढे सरकवले.

"यात लिहिलं आहे. तुम्हीच वाचा ना."

मुन्शी हसला. मी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले. आमच्याकडच्या त्या पिढीतल्या बायका नवऱ्याचे नाव तोंडाने घेत नाहीत. माझ्या आईने कधी घेतले नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी डबा घेऊन ठाण्यात यायची. "सापडले तं भुकेले असतीन," एवढेच म्हणायची आणि बाकावर बसून राहायची. संध्याकाळी डबा तसाच घरी न्यायची. मला तिच्याकडे पाहवत नसे.

शेवटी माझ्या एका मुखबिराने, म्हणजे खबऱ्याने, बातमी आणली. संचालक शहर सोडून गेलाच नव्हता. एका नातेवाइकाच्या राईस मिलमध्ये, तांदळाच्या पोत्यांमागे खाट टाकून राहत होता. आम्ही त्याला उचलले. पांढऱ्या कपड्यांवर कोंडा चिकटला होता, पण बोलणे तितकेच मऊ होते.

"मैं तो खुद लुट गया, साहब. पैसा लेकर वही रेलवेवाला भागा है."

"आणि खाणीत आवाज कसला येत होता?"

"पत्थर बोलता है, साहब. आस्था की बात है."

चौकशीत ओरडणारा माणूस मला सोपा वाटतो. मऊ बोलणारा जड जातो. सकाळपासून तो तेच तेच बोलत होता. दुपारी बाई आली तेव्हा मी तिच्या हातातला डबा मागून घेतला, आत नेला आणि त्याच्यासमोर उघडून ठेवला. पोळ्या, वांग्याची भाजी, कांदा.

"हा डबा त्या रेल्वेवाल्याच्या बायकोनं आणला आहे. रोज आणते. तो येईपर्यंत इथंच उघडा राहील. तुम्ही बसा समोर."

मी खुर्चीवर रेलून बसलो. भाजीचा वास खोलीभर पसरला. त्याने मान फिरवली, परत वळवली. बऱ्याच वेळाने स्वतःशीच पुटपुटल्यासारखे म्हणाला, "पानी तो है वहाँ अंदर. इतने में मरेगा नहीं."

ते वाक्य ऐकताच मी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि विचारले, कुठे आत? पुढचे मग भराभर निघाले. आवाज तो गँगमेटच काढत होता. आत अंधारात बसून घणाने खडक ठोकायचा. यंत्रे येईपर्यंत शेअरवाल्यांचा धीर टिकला पाहिजे, असे त्याला सांगितले होते आणि त्याने ते खरे मानले होते. कार्यालय बंद करायची वेळ आली तेव्हा हा माणूस बाहेर येऊन सगळे बोलेल या भीतीने संचालकाने बोगद्याची लोखंडी जाळी बाहेरून बंद केली आणि कुलूप घालून निघून आला. त्याला आता आठवडा होत आला होता.

आम्ही लगेच जीप काढली. बाई माझ्या आधी मागच्या सीटवर जाऊन बसली. डबा मांडीवर, पिशवीत एक नारळ.

"नवस बोलली आहे," ती म्हणाली. "ते सापडले की फोडीन."

उन्हे कलली तेव्हा आम्ही डोंगरीपाशी पोचलो. जुन्या काळी कोणी खडे शोधायला खणलेला आडवा बोगदा होता तो. तोंडाशी करवंट्यांचा ढीग, त्यावर मुंग्या. आतून गार हवा येत होती आणि तिला विझलेल्या उदबत्तीचा वास होता. गावचा कोटवार, म्हणजे चौकीदार, लांबच उभा राहिला.

"दो दिन ठोकत रहिस, साहब," तो म्हणाला. "फेर चुप हो गे. भूत समझ के डर के मारे कोनो नइ आइन."

कुलूप तोडले. जाळीपाशी कोणी नव्हते. फक्त मुर्र्याची, म्हणजे चुरमुऱ्यांची, रिकामी थैली पडली होती. थोडे आत गेल्यावर बोगद्याला फाटे फुटत होते, डावीकडे, उजवीकडे, पुढे आणखी. टॉर्चचा उजेड पुरत नव्हता. एका फाट्यात शिरलो तर छतातून दगड निखळून हवालदाराच्या पायाशी पडला. सगळे मागे सरले. मीही सरलो. अशा जागी एकेक फाटा तपासत बसलो असतो तर आणखी माणसे गेली असती.

आम्ही त्याच्या नावाने हाका मारल्या. नाव आत जायचे आणि परत यायचे, जरा उशिराने, वेगळ्याच गळ्याने. आतून काही उत्तर नाही.

"काकू, तुम्ही हाक मारा. तुमचा आवाज ओळखतील."

ती तोंडाशी गेली. इतक्या पोलिसांसमोर तिला संकोच वाटला. "अहो," ती म्हणाली, पण ते तिच्या पदराच्या पुढेही गेले नसेल.

"असं नाही! नाव घ्या, मोठ्यानं!"

तिने माझ्याकडे पाहिले. मग डोळे मिटले आणि नवऱ्याचे नाव घेऊन ओरडली. एकदाच. तो आवाज आत फिरत गेला, फिरत गेला आणि विरला. मला वाटले, संपले.

बाई खाली बसली. तिची पिशवी कलंडली आणि नारळ घरंगळून माझ्या बुटाशी आला. तो उचलताना माझ्या डोक्यात सगळे जबाब एकदम जुळले. प्रत्येकाने आधी नारळ सांगितला होता, मग आवाज. आत बसलेल्याला पाहुणे आलेले कसे कळणार? नारळ फुटला की ठोकायचे. तोच इशारा होता.

"काकू, हा फोडा."

"ते सापडल्यावर फोडायचा आहे, साहेब. आधी फोडला तं नवस मोडते." तिने तो माझ्या हातातून ओढून छातीशी धरला.

"आत्ता फोडला नाही तर सापडायचे नाहीत."

ती नारळाच्या शेंडीवरून हात फिरवत राहिली. मग ती उठली, आत वाकली आणि पूजेच्या दगडावर तिने तो नारळ जीव खाऊन आपटला. पाणी उडाले. आवाज बोगद्यात शिरला.

आम्ही कान देऊन उभे होतो.

खालून, खूप आतून, उत्तर आले. धप्प.

हवालदाराने रामाचे नाव घेतले. थोड्या वेळाने परत आले, आधीपेक्षा हलके. धप्प. आवाज डाव्या फाट्यातून येत होता. बाईला बाहेरच थांबायला सांगून आम्ही भिंतीला हात लावत गेलो. शेवटच्या वळणावर टॉर्चच्या उजेडात तो दिसला. भिंतीला पाठ लावून बसलेला, मांडीवर घण, ओठ फुटलेले. आमच्याकडे तो माणसांकडे पाहावे तसा पाहत नव्हता. मी हात धरायला गेलो तर त्याने घण उचलला.

"नाही येत," तो म्हणाला. "तुम्ही माणसं नाही."

तेवढ्यात माझा हुकूम मोडून बाई मागून आली. तिने काही विचारले नाही, रडली नाही. डबा पुढे करून म्हणाली, "अहो, जेवून घ्या."

घण त्याच्या हातातून गळला आणि तो लहान मुलासारखा रडू लागला.

बरा झाल्यावर तो जबाब द्यायला ठाण्यात आला. मी विचारले, एवढ्या हाका मारल्या, उत्तर का दिले नाही?

"नावाची हाक तं मले रोजच येऊन राहिली होती, साहेब," तो म्हणाला. "पहिले दोन दिवस मी जाळीपाशीच होतो, ठोकून राहिलो होतो. मग बाहेरून कोणी माझं नाव घ्यायला लागलं. जाळीतून पाहिलं तं कोणीच नाही. म्हणून मी आत आत सरकत गेलो. शेवटी शेवटी तं हिच्याच आवाजात नाव आलं. तेव्हा पक्कं समजलो, ही ती नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर हिनं माझं नाव कधी घेतलं नाही. नारळ मात्र खराच फुटला. सिग्नल झाला, मी काम केलं."

बाई शेजारी बसली होती. जाताना दारातून मागे वळून तिने विचारले, "साहेब, मी तं नाव एकदाच घेतलं. त्याच्या आधी कोण बोलावून राहिलं होतं?"

उपाशी माणसाला भास होतात, असे मी सांगितले. डॉक्टरही तेच म्हणाले होते. तिने मान डोलावली, पण मला नाही वाटत तिला ते पटले. मला पटले का, हेही मी आजवर स्वतःला विचारलेले नाही.

संचालकाला शिक्षा झाली. शेअरच्या कागदांचे काही झाले नाही. शेअर घेतलेल्यांपैकी एका गृहस्थाने पुढे मला हळूच विचारले, "पण साहेब, आत खरंच काही नव्हतं का?" लोकांना फसवायला आवाज पुरतो आणि तो आवाज एकदा कानात बसला की घरच्या माणसाचे बोलणेही खोटे वाटू लागते. त्या गँगमेटला बायकोची हाक खोटी वाटली आणि लबाडाने ठरवलेला इशारा खरा वाटला. त्या इशाऱ्यानेच तो वाचला, ही देवाची कृपा. मला या प्रकरणाने एवढे शिकवले.

आणि एक गोष्ट कामाची शिकवली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कोणी माणूस हरवल्याची खबर घेऊन आले की नाव, वय, रंग, अंगावरचे कपडे लिहून झाल्यावर मी एक प्रश्न जास्त विचारायचो. घरात त्यांना काय म्हणून हाक मारता? पुष्कळ बायका लाजायच्या, खाली पाहायच्या. मी पेन उघडे ठेवून थांबायचो.