भास्करराव सरांच्या तीन वस्तू

आमच्या नंदुरबारच्या वसतिगृहाचे रेक्टर भास्करराव सर नव्या मुलाच्या तोंडाकडे पाहायच्या आधी त्याच्या पायांकडे पाहत. माझे पाय पाहून म्हणाले, "तापीकाठनी काळी माती. घरमा पहिलाच का रे कॉलेजले?" मी हो म्हणालो. "मंग रडशी," म्हणाले आणि मला खोली दिली. त्यांना दुष्ट म्हणावं का, हे मला नीट ठरवता येत नाही. ताप आलेल्या मुलाच्या उशाशी ते स्वतः बसत.

रविवारी दुपारी व्हरांड्यात ते खेळ मांडत. एका मुलाला तीन वस्तू सांगायच्या. त्याने तिन्ही वापरून फरशीवर खडूने एक प्रवास आखायचा. बाकीच्यांनी प्रवासी होऊन चिंचोके पुढे सरकवायचे, आपण काय करतो ते सांगायचं. पुढे काय घडलं ते आखणाऱ्याने सांगायचं. त्याने स्वतः मात्र खेळात उतरायचं नाही, उतरला तर बाद. वाट फार सोपी झाली तरी तो हरला. सर नेहमी प्रवासी होत आणि वाट मोडून दाखवत. "मन्हा खेळमा दया नई," असं हसत सांगत. खरं तर आम्हांला तो खेळ आवडायचा.

माझ्या खोलीतला वेस्ता धडगावच्या वरच्या पाड्यावरचा. सहामाहीत तो नापास झाला, जागा जाणार होती. सर म्हणाले, रविवारी खेळात टिकलास तर ठेवतो. वेस्ताला वाटलं, सुटलो.

रविवारी सरांनी वस्तू सांगितल्या. घाट, झोळी, दवाखाना.

त्याच पावसाळ्यात वेस्ताच्या आईला बांबूला बांधलेल्या झोळीतून दवाखान्यात नेताना ती घाटातच गेली होती. त्याला रजा सरांनीच दिली होती.

वेस्ताने वाट आखली. सर आणि आम्ही काहीजण झोळीवाले झालो. सरांनी विचारलं, नाल्याला पूर आहे का? ओसरला, वेस्ता म्हणाला. सर वाट चुकले, तर त्याने गुराखी भेटवला. सरांचा पाय घसरला, तर त्याने खाली गवत पसरलं. मुलं हसू लागली. झोळीतल्या बाईला मरू देणं त्याला जमतच नव्हतं.

"मी झोळी टाकी दिन्ही," सर म्हणाले, "आन् पळी गऊ."

"दुसरा उचलतो."

"दुसरा कोन? बाकीना भी पळी ग्यात."

वेस्ताने एक चिंचोका झोळीपाशी सरकवला. मग हळूच म्हणाला, "मी उचलतो, सर."

सर खुर्चीत रेलले. "आखनारा खेळमा उतरना. बाद." आवाजात राग नव्हता. चपलेने त्यांनी दवाखान्याचा चौकोन पुसला.

वेस्ताने फक्त धडगावची जीप कधी सुटते ते विचारलं. "सकाळमा लवकर जाय," सर म्हणाले, "नई ते बसाले जागा भेटाव नई."

पुढच्या रविवारी माझी पाळी आली. सरांनी माझ्याकडे पाहून वस्तू सांगितल्या. रिकामी खाट, धडगावची जीप, दोस्त.

माझी जागाही त्यांच्याच शब्दावर होती, आणि गावी आई सगळ्यांना सांगत होती की मन्हा पोऱ्या साहेब व्हई. मी खडू उचलला. वाट चांगली आखली. दोस्त झालेला मुलगा म्हणाला, मी जीपमधून उतरतो, चालत परत येतो. मी घाटातला पूल वाहून नेला. तो म्हणाला, पोहून येतो. मी त्याला बुडवला.

कोणी हसलं नाही. सर उठले, माझ्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणाले, "हाऊ पोऱ्या शिकी गया."