नोंद न केलेले दोन दिवस

ती घटना मला आजही आठवते, आणि तिच्यासाठी मिळालेले प्रशस्तिपत्रक मी आजवर कोणालाही दाखवलेले नाही.

नोकरीच्या अखेरच्या वर्षांत मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. घाटमार्गे गोवा बनावटीची दारू वर येत होती. आम्ही नाकाबंदी लावली की नेमकी त्याच दिवशी ती येत नसे. एके सकाळी गगनबावड्याच्या एका चहावाल्याचा फोन आला. तो माझा जुना बातमीदार.

"साहेब, एक पिकअप रोज मोकळीच वर-खाली करतीया. टपावर दोन एरियल. भाजीच्या गाडीला दोन-दोन एरियल कशाला वो? भेंडीसंगं बोलतोय व्हय त्यो?"

घाटात मोबाईलला रेंज नसते. तेथे बोलायचे तर वायरलेस सेटच लागतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दाट धुक्यात आम्ही ती पिकअप अडवली. चालकाने उडी टाकली आणि तो झाडीत पसार झाला. नंबरप्लेट बनावट होती, चासी क्रमांक घासलेला होता. डॅशबोर्डखाली दोन सेट बसवलेले होते. एकावरून मागून येणाऱ्या टेम्पोला इशारा दिला जाई. दुसरा आमच्याच पोलीस चॅनलवर लावलेला होता. आमची नाकाबंदी आम्हीच त्यांना ऐकवत होतो.

हाती गाडीशिवाय काहीच नव्हते. हे सेट कोणी बसवले, एवढाच धागा उरला होता. कोल्हापुरात गाड्यांना वायरलेस आणि एरियल बसवणारा एक नामांकित कारागीर होता. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. साखर कारखान्यांच्या जीपगाड्यांचे काम त्यांच्याकडे असे. पूर्वी आमच्या जीपचे सेटही त्यांनीच दुरुस्त केले होते. त्यांच्या दुकानात मी अनेकदा चहा घेतला होता. आमचा चॅनल ठाऊक असलेला बाहेरचा माणूस हा एकच, असा तर्क मी केला. तो मला इतका सोपा वाटला की तपासून पाहावासा वाटला नाही.

भर बाजाराच्या वेळी मी गॅरेजांच्या त्या गल्लीत जीप नेली.

"साहेब, हात तेवढं धुतो की," उस्ताद म्हणाले.

"तसाच बस," मी म्हणालो. तोवर मी त्यांना कधी अरे-तुरे केले नव्हते. समोरच्या गॅरेजातली माणसे पाने हातात धरून पाहत उभी होती.

ठाण्यात आल्यावर अंमलदाराने विचारले, "साहेब, डायरीला नोंद काय घेऊ?"

चौकशीसाठी बोलवायचे तर लेखी नोटीस द्यावी लागते. अटक करायची तर चोवीस तासांच्या आत न्यायालयापुढे उभे करावे लागते. अटकेइतका पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि सोडायची इच्छा नव्हती. मी म्हणालो, "सध्या काही नको."

चौकशी दोन दिवस चालली. हवालदार टोमणे मारी, "उस्ताद, आता तुमचं एरियल जरा खाली घ्या की!" उस्तादांचे उत्तर ठरलेले होते.

"मला गाडी दाखवा. काम बघिटल्याबिगर कुणाचा हात हाय कसं सांगू?"

पुराव्यात ढवळाढवळ करायचा हा बेत असावा, असे मला वाटले. "आमचा चॅनल तुझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

"चॅनल म्हंजे काय तिजोरी हाय व्हय साहेब? बटण फिरवत बसलं की घावतंय."

हवालदार हसला. मला तो उद्धटपणा वाटला, पण ते साधे सत्य होते.

आम्ही त्यांच्यावर हात उचलला नाही. याचे मला पुष्कळ काळ समाधान वाटत असे. आता वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या पत्नी फाटकावर आल्या. नोंदच नसल्यामुळे शिपायाने त्यांना ठरल्याप्रमाणे सांगितले, "इथं न्हाईत." मी खिडकीतून ऐकत होतो.

"न्हाईत म्हंता, तर ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "आले की एवढा चष्मा द्या. जवळचं दिसत न्हाई त्येंना."

त्या वाद न घालता निघून गेल्या. चष्मा माझ्या टेबलावर आला. तो मीच उस्तादांना नेऊन दिला आणि त्यांना आवारात उभ्या असलेल्या पिकअपपाशी नेले.

ते हौद्यात चढले. त्यांनी पान्याने टपावरचे एक एरियल उतरवले आणि मला जवळ बोलावले.

"रंग बघा साहेब. पत्र्यावर एरियल बसवायचं तर खालचा रंग खरवडून पत्रा उघडा करावा लागतोय, तवा अर्थिंग मिळतंय. मी न खरवडता आजवर एकबी बसवलं न्हाई. ह्यानं रंगावरच बसवलंय."

"म्हणजे अडाण्याचे काम?"

"छ्या! लई झ्याक काम हाय. पर गाडीवाल्याचं न्हाई. हे एरियलच बोटीवरचं. फायबरच्या होडीला पत्रा कुठला खरवडायला? त्येला अर्थिंग लागतच न्हाई. आन् जोडावर टेपचं तीन थर बघा, खारं पाणी शिरू नये म्हणून. वायर बांधलीया जाळ्याच्या दोरीनं. गाठबी जाळ्याचीच." ते खाली उतरले. "बंदरावर शोधा. कोल्हापुरात काय शोधताय?"

चार दिवसांत आमच्या पथकाला कोकणातल्या एका बंदरावर मच्छीमार बोटींना सेट बसवणारा कारागीर सापडला. त्याच्याकडून गाडीमालक, मालकाकडून टेम्पो आणि गोदाम. टोळी पकडली गेली आणि मला प्रशस्तिपत्रक मिळाले.

दोषारोपपत्र लिहिताना प्रश्न आला: आम्ही बंदरापर्यंत पोहोचलो कसे? उस्तादांचा जबाब जोडणे आवश्यक होते. पण तो जोडला असता तर ते ठाण्यात केव्हा आणि कसे आले हेही लिहावे लागले असते. मी लिहिले, "गोपनीय बातमीदाराकडून मिळालेल्या माहितीवरून."

सोडताना उस्तादांनी एकच मागणे केले होते.

"दोन ओळी लिहून द्या साहेब. मदतीला नेलतं म्हणून. गल्लीला दाखवाय लागंल."

"बघतो," मी म्हणालो.

गल्लीने दोन तर्क केले. काहींच्या मते ते टोळीतले होते आणि मिटवून सुटले. काहींच्या मते ते पोलिसांचे खबरे होते. कारखान्यांनी गाड्या पाठवणे बंद केले. कागदासाठी ते दोनदा ठाण्यात आले. पहिल्यांदा मी त्यांना बाहेर बसवून ठेवले. दुसऱ्यांदा मी आत असताना, साहेब जोतिबाच्या बंदोबस्ताला गेलेत, असा निरोप दिला.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी मी तो कागद लिहिला. दोन दिवस, माझा निर्णय, त्यांची मदत, सगळे लिहून खाली सही केली. एक प्रत वरिष्ठ कार्यालयाला टपालाने पाठवली आणि दुसरी घेऊन त्यांच्या दुकानात गेलो. आता तेथे मिक्सर आणि पंखे दुरुस्त होत होते.

मी वाचू लागलो. उस्तादांनी हात वर केला.

"मला काय सांगताय? मी हुतो की तिथं." त्यांनी गल्लीकडे बोट केले. "तिथं वाचा."

मी रस्त्यावर उभा राहून वाचले. माझा आवाज मुळात लहान. समोरच्या गॅरेजातून कोणीतरी ओरडले, "ऐकू येईना पावणं! पयल्यापासनं वाचा!"

मी पहिल्यापासून वाचले. संपल्यावर तोच माणूस हात पुसत पुढे आला. "उस्ताद, इतकी वर्सं बोलला न्हाईस व्हय?"

"बोललो की. तुमी ऐकलं न्हाई." मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "कागद ठेवून जावा."

संशय घेणे हे पोलिसाचे कर्तव्य आहे आणि मला आजही त्यात गैर वाटत नाही. पण ठाण्यातील नोंद ही माणसाला अडकवण्यासाठी असते, असे मी जवळजवळ आयुष्यभर समजत आलो. निर्दोष माणसाला ज्या दारातून आणले त्या दारापर्यंत परत पोहोचवण्यासाठीही ती असते. मी ती वाट बंद केली आणि त्या माणसाला स्वतःच ती शोधायला सोडून दिले.

वरिष्ठ कार्यालयाचे उत्तर अद्याप आलेले नाही. जे येईल ते मी स्वीकारीन. उस्तादांकडे मी क्षमा मागितली नाही. त्यांनी मागितल्या होत्या त्या फक्त दोन ओळी, आणि त्या मी वेळेवर दिल्या नाहीत.