साहेबांचं वसंताचं गाणं

मार्च लागला आणि माझे जपानी साहेब गाडीत रोज एकच गाणं लावायला लागले. तीन वर्षं मी त्यांना इथे बहरीनमध्ये सखीरच्या साइटवर नेत होतो, पण बातम्यांखेरीज त्यांनी कधी काही ऐकलं नव्हतं. त्यात गावी कोण कोण असतं, व्हिसा कधी संपतो, अशी चौकशी. मी मनात म्हटलं, झालं, आपला पत्ता कट. गोड बोलून घरी पाठवणारे साहेब मी पुष्कळ पाहिलेत. मी आरशातून त्यांच्यावर नजरच ठेवली.

एकदा सिग्नलला न राहवून विचारलं, "सर, हे गाणं कसलं?"

"वसंताचं. आमच्याकडे शाळा मार्चमध्ये संपते, बदल्याही तेव्हाच होतात. चेरीची फुलं येतात आणि माणसं निरोप घेतात."

"मग आता कोण चाललंय?" माझा आवाज चढलाच.

"मी."

माझ्या तोंडून मराठीत निघून गेलं, "सुटलो!"

त्यांनी अर्थ विचारला.

"वाईट वाटलं, सर."

ते हळूच म्हणाले, "नव्या साहेबांना सांगून ठेवलंय, ड्रायव्हर हाच ठेवा."

सखीर येईपर्यंत मला आरशात बघवलं नाही.