नातीचा चष्मा जीपमध्ये बसून घेतला

माझी नात मनीषा विमान चालवायला शिकतेय, हे तुम्हा सगळ्यांना दहादा सांगून झालंय. आज अकराव्यांदा ऐका.

सोमवारी ती पहिल्यांदा एकटी उडणार. त्यासाठी तिला उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा हवा होता. दुकानदारानं तो दारात उन्हात धरला, काच काळी झाली. पोर खूश.

मी म्हटलं, "आधी माझ्या जीपमध्ये बसून बघू."

"आबा, चष्मा घ्यायचाय, जीप न्हाई."

तीस वर्षं मी पौड-ताम्हिणी जीप चालवलीय. असा चष्मा एकदा हौसेनं घेतला होता. बाहेर काळा आणि स्टिअरिंगवर बसलं की पांढरा. काचेला काळं करणारे किरण गाडीची पुढची काचच अडवते, हे मला घाटात डोळे दिपल्यावर कळलं. विमानालाही पुढं काच असतेच की.

दुकानदारालाही मागं बसवलं. ऊन थेट तोंडावर, तरी चष्मा ढिम्म. मग त्यानं दुसरा आणला, काचेआडही काळा होणारा. तो चांगला गडद झाला.

मी पैसे काढणार, तर पोरगी म्हणाली, "थांबा, माझी परीक्षा राहिलीय." तिनं चष्म्यातून मोबाईलचा पडदा उभा-आडवा फिरवून पाहिला; दोन्हीकडून नीट दिसला, मगच मान डोलावली. काही चष्म्यांतून विमानातले आकडेच दिसेनासे होतात म्हणे. हे मला कुठं ठाऊक होतं?

सोमवारची माझी धाकधूक तिथंच निम्मी झाली.

तुमच्या घरातलं कुणी तुम्हाला असं मागं टाकून गेलंय का? लिहा, मला एकट्यालाच मिरवू देऊ नका.