सवलतीचं पत्र

आमच्या इमारतीत त्यांना सगळे लिफ्टवाले काका म्हणतात. एकोणचाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः मात्र जन्मभर जिन्याने चढले. "आतलं सगळं माहीत असलं की बसवत नाही," असं म्हणायचे आणि ऐकणारा घाबरला की गालात हसायचे. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. ही हकिकत त्यांनी मला स्वतः सांगितली, मी न विचारता, आमच्या गॅलरीत खुर्चीच्या अगदी कडेला बसून.

चार वर्षांपूर्वी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं चार-पाच शब्दांवर आलं. तेव्हा त्यांच्याकडे एक परदेशी बाई राहायला आली. पन्नाशीला टेकलेली, रुंद खांद्यांची, काकूंना एका दमात पलंगावरून खुर्चीत घेणारी. तिचं नाव काही काकूंच्या जिभेला झेपेना. त्या तिला 'धाकटी' म्हणाल्या आणि तेच पडलं. आमची भाषा ती काकूंच्या उशाशी बसून शिकली. एक विसरलेली, एक नवशिकी, दोघींचं छान जमायचं.

धाकटीचा इथे राहून काम करण्याचा परवाना संपत आला तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज वेळेवर गेला होता. पण परवान्यांच्या कचेरीत अर्जांचे ढीग तुंबले होते. सव्वा वर्ष झालं तरी तिचा नंबर लागेना. तोवर दर तीन महिन्यांनी तिथे जायचं, 'ही माझ्याकडेच कामाला आहे' असं मालकाने खिडकीशी उभं राहून सांगायचं आणि मुदतवाढीचा शिक्का घ्यायचा. मधल्या काळात देश सोडला तर अर्ज रद्द. काका दर खेपेला तिच्याबरोबर जायचे. इमारतीत त्यांचं कौतुक व्हायचं, मीही करायची.

धाकटीची मायदेशातली एकुलती एक लेक त्या वर्षी पहिलटकरीण होती. जावई दूर बोटीवर, सासू हयात नाही. दुपारी काकूंचा डोळा लागला की धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून फोनवर बोलायची. भाषा काकांना कळत नसे, पण लेक काय विचारते हे त्यांना ठाऊक होतं, कारण फोन ठेवला की धाकटी तेच त्यांना विचारायची. "काका, कागद कधी होतील?"

"होतील गं. सरकारी काम आहे."

मग एका सकाळच्या टपालात ते पत्र आलं, काकांच्या नावाने. अर्ज तुंबल्यामुळे तात्पुरती सवलत दिली होती. ज्यांचे अर्ज पडून आहेत त्यांनी वर्षअखेरपर्यंत निर्धास्त राहावं, काम करावं. शिक्क्याची गरज नाही. एकदा मायदेशी जाऊन साठ दिवसांत परत येता येईल. हवं तर दुसरीकडे काम धरता येईल. आणि शेवटी, ही माहिती कामगाराला सात दिवसांत द्यावी.

काकांनी ते दोनदा वाचलं. आत धाकटी काकूंना आंघोळ घालत होती आणि काकू हसत होत्या. लेकीच्या बाळंतपणाला अजून महिना होता. काकांनी पत्राची घडी घातली आणि हत्यारांच्या पेटीत, पान्यांच्या खाली ठेवली. त्यांच्या मनात आलं, धाकटी गेली तर हिला उचलणार कोण? आणि परत आलीच नाही तर? आज नको, उद्या सांगू. उद्याचा परवा झाला.

"सात दिवस होईपर्यंत मी चांगला माणूस होतो," ते मला म्हणाले. "आठव्या दिवशी कळलं, आपण सांगणार नाही."

महिन्याभराने लेक बाळंत झाली. मुलगा झाला, पण लेकीचं रक्त थांबेना. दोन दिवस तिचं काही खरं नव्हतं. तिथली एक शेजारीण तिच्या उशाशी बसून होती. ते दोन दिवस धाकटी भिंतीकडे तोंड करून फोन कानाला धरून उभी असे आणि काकूंच्या औषधाची वेळ झाली की डोळे पुसून यायची. लेक वाचली. काकांनी तेव्हाही तोंड उघडलं नाही. आता सांगून काय उपयोग, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

आठ-दहा दिवसांत शिक्क्याची तारीख आली. जायची गरज नव्हती, पण न जावं तर ती विचारणार. गेले दोघं. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिला.

"शिक्के बंद झाले की. सव्वा महिना झाला. घरी पत्र आलं असेल ना?"

काका म्हणाले, "नाही आलं."

बाईंनी सवलत पहिल्यापासून समजावून सांगितली. धाकटीने एकच विचारलं, "सव्वा महिना?" मग काकांच्या दंडाला हात लावून खिडकीतल्या बाईंना म्हणाली, "काकांना बोलू नका. काका माझ्यासाठी प्रत्येक वेळी येतात. पोस्टवाल्याने चुकवलं." बाईंनी तक्रारीचा कागद पुढे सरकवला. धाकटीने सही केली. काकांनीही केली.

तिसऱ्या दिवशी पोस्टमन दारात. बावीस वर्षं आमच्याच रस्त्यावर टपाल वाटणारा माणूस, घरोघरी ओळखीचा. आत यायला तयार होईना.

"काका, तक्रारीवरून वरिष्ठांचं बोलावणं आलं, म्हणून आलोय. मला आठवत नाही, पण माझ्याच हातून दुसऱ्या पेटीत पडलं असेल. आताशा नजर कमी झालीय." मग मागे उभ्या असलेल्या धाकटीकडे वळून म्हणाला, "ताई, तुमचं फार नुकसान झालं असं ऐकलं. माफ करा."

साधं टपाल होतं ते, कुठे सही नाही, नोंद नाही. गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. पण तो म्हातारा हात जोडून उभा होता, आणि काका म्हणाले, "थांबा." आत गेले, पेटी उघडली आणि पत्र आणून धाकटीच्या हातात दिलं.

"हे आलं होतं. मीच ठेवलं."

पोस्टमन जिना उतरून गेला. धाकटीला आमची अक्षरं नीट येत नव्हती, पण आकडे येत होते. तारखेवर बोट ठेवून ती मनात हिशेब करत राहिली.

"पोचले असते," ती म्हणाली.

काकांनी कारण सांगायला सुरुवात केली, काकूंचं, उचलण्याचं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साहेब, काकूंच्या जेवणाची वेळ झाली." इतक्या वर्षांत ती त्यांना पहिल्यांदा साहेब म्हणाली. त्यानंतर तेच म्हणत राहिली.

त्यानंतर चौथ्या दिवशी ती मायदेशी गेली. जाण्यापूर्वी काकूंना कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून उशी कुठे लावायची, ते तिने काकांकडून तीन-तीनदा करून घेतलं. दोन महिने काकांनी सगळं केलं. कंबर धरली, पण केलं. "म्हणजे होत होतं," मला सांगताना ते म्हणाले. काकू रोज सकाळी विचारायच्या, "धाकटी?" एके दिवशी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकूंना किती कळलं कोण जाणे. त्यांनी डाव्या हाताने पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

काकांनी कचेरीत पत्र लिहून चूक कबूल केली. पोस्टमनची चौकशी मिटली. तो अजून टपाल टाकतो, पण या मजल्यावर बेल वाजवत नाही.

धाकटी सत्तावन्नाव्या दिवशी परत आली आणि दुसऱ्याच आठवड्यात एका वृद्धाश्रमात कामाला लागली. सवलतीत तशी मुभा होतीच. मालक म्हणून काकांची सही लागत होती. काम सोडण्याचं कारण लिहिलेली खालची ओळ न वाचता त्यांनी ती केली. आता त्यांच्याकडे दिवसाची एक बाई येते, बाकीचं ते स्वतः बघतात.

रविवारी मात्र धाकटी येते, काकूंसाठी. त्यांची नखं काढते, केस विंचरते, फोनवर नातवाचे फोटो दाखवते. काकूंचं हसू वर माझ्या घरापर्यंत ऐकू येतं. काका तिला दार उघडून देतात आणि स्वयंपाकघरात जाऊन बसतात.

"नातू कसा आहे दिसायला?" मी विचारलं.

"पाहिला नाही," काका म्हणाले. "दाखव कोणत्या तोंडाने म्हणू?"