भाऊंनी न वाचलेली यादी

वाचनालयातले सहा संगणक सांभाळणाऱ्या माणसाला सगळे भाऊ म्हणत. फुकट मिळणारी, आतून कशी बनली आहे ते कुणालाही उघडून बघता येणारी संगणकप्रणाली त्यांनीच सहाही यंत्रांवर बसवली होती. तिचं कौतुक सांगताना ते थकत नसत. ऐकणारे थकत, ती गोष्ट वेगळी.

खिडकीजवळच्या संगणकावर निवृत्त शिक्षिका असलेल्या बाई बसत. बाईंना दिसत नसे. पडद्यावरचं सगळं संगणकच त्यांना मोठ्याने वाचून दाखवी आणि त्या सरसर जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं लिहीत.

एका सोमवारी भाऊंना साफसफाईची हुक्की आली. खिडकीजवळच्या संगणकावरचा आवाजाचा एक जुना प्रोग्राम त्यांनी मांडणीसकट, म्हणजे त्यात जपलेल्या सेटिंगसकट, उपटायला घेतला. यंत्राने इमानदारीत यादी दाखवली, की याच्यावर अवलंबून असलेले हे चौदा प्रोग्रामही जातील, चालेल? यादी कोण वाचतो! भाऊंनी 'होय' दाबलं आणि ते चहाला गेले. सुक्याबरोबर ओलंही जळालं, बाईंना वाचून दाखवणारा प्रोग्राम त्याच यादीत होता.

दुसऱ्या दिवशी बाई बसल्या, तर संगणक मुका.

"भाऊ, माझ्याच हातून काही भलतं दाबलं गेलं का हो?"

आजूबाजूला चार माणसं ऐकत होती. भाऊ म्हणाले, "होतं असं कधीकधी, बाई."

बाई घरी गेल्या, त्या पुढे तीन दिवस फिरकल्या नाहीत. भाऊंना जेवण गोड लागेना.

मग त्यांनी रीतसर काम केलं. उरलेली मांडणी आधी बाजूला जपून ठेवली. नुसती रंगीत तालीम करून काय येणार, काय जाणार ते यंत्राला विचारलं, यादीवर ओळीओळीने बोट फिरवलं आणि मगच सगळे प्रोग्राम पुन्हा बसवले. आवाज आला, पण रटाळ, संथ. बाईंनी वर्षानुवर्षं जमवलेला वाचनाचा वेग मांडणीबरोबर गेला होता.

शुक्रवारी भाऊ बाईंच्या दारात उभे राहिले. "बाई, चूक माझी होती. मी न वाचता 'होय' दाबलं, आणि वर तुमच्यावर ढकललं." शरमेने त्यांना आत येऊन खुर्चीत बसवेना.

बाई हसल्या. "अहो, एवढंच ना? मला वाटलं, माझी बोटंच आता कामातून गेली."

शनिवारी त्या आल्या. भाऊंनी शेजारी बसून वेग पुन्हा लावून दिला. पूर्वी सरसर लिहिणाऱ्या बाईंनी एका बटणावर बोट ठेवलं आणि त्या थांबल्या.

"भाऊ, हे दाबू का?"

"दाबा ना, बाई."

त्यांनी दाबलं. मग पुढच्या बटणावर बोट ठेवून पुन्हा विचारलं, "आणि हे?"