तीन दिवस नाव विचारत नाहीत

माझा थोरला भाऊ लढाईच्या तिसऱ्या वर्षी बसऱ्याच्या पलीकडे कुठेतरी वारला. गोळी लागून नव्हे, तापाने. सरकारी कागदात एवढंच होतं. महिन्याभराने त्याच्या पलटणीतल्या सोबत्याचं पत्र आलं, त्यावरून थोडं अधिक कळलं. वाटेत भावाला ताप चढला, त्यातच लॉरी बिघडली. त्याला आणि या सोबत्याला जवळच्या अरब मेंढपाळांच्या तंबूत ठेवून बाकीचे मदत आणायला गेले. ते तिसऱ्या दिवशी परतले. भाऊ त्याच दिवशी पहाटे गेला होता. सर्व काही आपल्या रीतीप्रमाणे केलं, असं सोबत्याने लिहिलं होतं. त्याखालच्या दोन ओळी सेन्सॉरने काळ्या केल्या होत्या.

मी तेव्हा साताऱ्याला शाळेत शिकवत होतो आणि एका खोलीत एकटा राहत होतो. वडील आधीच गेले होते. आई कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठच्या आमच्या गावी असे. पत्र मी तिला दोनदा वाचून दाखवलं. ती रडली नाही. तिने एकच विचारलं, "ती माणसं कसली रं?"

परतल्यावर मी वाचनालय गाठलं.

साताऱ्याच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं एक कपाट होतं. बदली होऊन जाणारे साहेबलोक सामान हलकं करताना जी पुस्तकं टाकून जात, ती त्यात येऊन पडत. त्यात अरबांवरची दोन सापडली. एक कुणा पंडिताचं होतं, वंशावळी आणि तळटीपांनी भरलेलं. दुसरं एका प्रवाशाचं, वर्षभर उंटावरून तंबूतंबूंत हिंडलेल्या साहेबाचं. चिठ्ठी फाडताना तिथला कारकून म्हणाला, "काय मास्तर, उंट घेताय की काय?" मी हसलो असेन. तो वाईट माणूस नव्हता, त्याला माहीत नव्हतं.

त्या उन्हाळ्यापर्यंत मी ती पुस्तकं रोज संध्याकाळी वाचत असे. प्रवाशाचं पुस्तक चांगलं होतं. तंबूला दोर किती, कातड्याच्या पखालीत ताक कसं घुसळतात, वाळूवरचे माग पाहून जनावर कुणाचं हे कसं ओळखतात, सगळं त्याने लिहिलं होतं. मी त्यात एकच गोष्ट शोधत होतो. अनोळखी आजारी माणसाला ते पाणी देतात का? ते काही सापडत नव्हतं. साहेब स्वतः कधी आजारी पडला नसावा.

मे महिन्याच्या सुट्टीत मी प्रवाशाचं पुस्तक घरी नेलं. दिवस कलला की आई ओट्यावर शेंगा फोडायला बसे आणि मी शेजारी बसून एकेक वाक्य मनात वाचून मराठीत सांगे. तिला ते आवडू लागलं. बायकाच तंबू उभा करतात हे ऐकून ती म्हणाली, "मंग गडी काय करत्यात?" मी म्हणालो, "कॉफी पितात." "म्हंजी हितल्यावानीच," ती म्हणाली. भाऊ गेल्यापासून आम्ही दोघं एका जागी इतका वेळ बसलो नव्हतो.

पाचव्या की सहाव्या दिवशी ते पान आलं. साहेब एका कुटुंबाकडे तीन दिवस राहिला होता. त्याला जेवायला घातलं, निजायला उबदार जागा दिली, पण तीन दिवसांत कुणी त्याचं नाव विचारलं नाही, गाव नाही, काम नाही. साहेबाने त्यावर लिहिलं होतं की हे लोक पाहुणचार करतात तो निव्वळ सवयीने. त्यात माया नसते.

मला ते गाळता आलं असतं. पण मास्तराची सवय, जे छापलंय ते सगळं वाचायचं. मी वाचलं.

आईचे हात थांबले. आमच्याकडे उंबऱ्याशी कुणी आलं की पाण्याचा तांब्या पुढे करता करताच विचारतात, कुठलं गाव, कुणापैकी, घरी कोण कोण. ज्याला विचारत नाहीत त्याने उठून जावं असाच अर्थ असतो.

"तीन दिस?" ती म्हणाली. "नाव बी न्हाई?"

"तसं लिहिलंय."

"म्हंजी माझं पोरगं तितं बिननावाचंच पडलं व्हतं."

तिने शेंगा सुपात ओढल्या आणि आत गेली. पुढचे आठ दिवस तिने वाच म्हटलं नाही. मीही पुस्तक उघडलं नाही. आम्ही दोघं त्या घरात वेगवेगळ्या वेळी जेवत होतो.

दर उन्हाळ्यात माणदेशाकडचा एक मेंढका आमच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवायचा. सकाळी तो ताकाला येई. वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस, आईला आक्का म्हणायचा. एका सकाळी आईने त्याला हे सगळं सांगितलं, गाऱ्हाणं सांगावं तसं. मी दारातच होतो.

त्याने ताक पिऊन भांडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "आवं आक्का, बरुबर हाय त्यांचं."

"काय बरुबर? मरत्या मानसाला नाव इचारू न्हाई?"

"आदी पानी. आदी नाव इचारलं आन त्यो निगाला आपल्या वैऱ्याच्या गावचा, तर काय तांब्या माघारी घ्यायचा? आमी धा शिवारांतनं हिंडतो. कुटं मारामारी झालेली, कुटं कोरटात गेलेलं. वाटंचा मानूस मेंढरांपाशी आला तर आमी बी इचारत न्हाई. त्यो सांगंल तवा सांगंल."

"तुला काय ठावं रं अरबाचं?"

"अरबाचं न्हाई. मेंढरामागच्या मानसाचं ठावं हाय." मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मास्तर, तुमच्या शाळंत आदी हजेरी, मंग शिकवनं. आमच्यात उलटं. आन ह्यो तुमचा सायब तीन दिस जेवला आन वर नाव इचारलं न्हाई म्हून रुसला? लय लाडाचा दिसतूया."

आई हसली नाही, पण तिने त्याला आणखी ताक वाढलं.

सुट्टी संपल्यावर साताऱ्याला येऊन मी पंडिताचं पुस्तक पुन्हा काढलं. मेंढका म्हणाला होता ते त्यात होतं, एका तळटीपेत, बारीक टायपात. पाहुण्याशी जुनं रक्ताचं वैर निघू नये म्हणून तीन दिवस नाव विचारत नाहीत. एकाने ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला कळलं नाही. दुसऱ्याला कळलं होतं, त्याने ते पानाच्या तळाला ठेवलं. आणि मी तळटीपा सोडून वाचणारा. आईचे ते आठ दिवस माझ्यामुळे गेले.

मी तिला पत्राने कळवलं. शेजाऱ्याकडून लिहून घेतलेलं तिचं उत्तर आलं. मग त्याला शेवटी नाव विचारलं का नाही, तेवढं त्याच्या सोबत्याला विचार, एवढंच त्यात होतं.

मी सोबत्याला लिहिलं. त्याची पलटण तोवर दुसरीकडे हलली होती. उत्तर यायला दिवाळी उजाडली. मी ते फोडून वाचलं आणि खिशात घालून गावी गेलो. या वेळी गाळायचं की नाही, याचा विचार मोटारीत कऱ्हाडपर्यंत करत होतो. गाळलं नाही.

त्याने लिहिलं होतं की तंबूतली म्हातारी भावाच्या तोंडात सांडणीचं दूध चमच्याने घालायची. दोन्ही दिवस कुणीतरी उशाशी बसलेलं असे. नाव कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सोबत्यानेच आपणहून दोघांची नावं-गावं खुणेने सांगायला सुरुवात केली, तर घरच्या म्हाताऱ्याने त्याच्या दंडाला धरून थांबवलं आणि पुढ्यात भाकरी सारली. तिसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधीच भाऊ गेला.

आई चुलीपुढे होती. मी वाचून थांबलो. तिने जाळ मागे ओढला.

"म्हंजी तीन दिस भरायच्या आदी, पाव्हणाच गेला त्यो," ती म्हणाली.

आणि तिने मला ताट वाढलं, स्वतःलाही वाढून घेतलं.

त्या दिवसापासून ती बरी झाली. शेजारच्या घरी जाऊ लागली, पेरणीबद्दल बोलू लागली. पण त्याच रात्री जेवण झाल्यावर मी दिव्याजवळ बरोबर आणलेलं प्रवाशाचं पुस्तक उघडून म्हणालो, "पुढचं वाचू का?" ती म्हणाली, "आता काय करायचं त्ये. तूच वाच."

मी वाचलं. तिच्यासाठी एकेक वाक्य मराठीत वळवायची सवय लागली होती, ओठ हलत राहिले. पुढे मी अरबांवरची साहेबांची मिळतील ती पुस्तकं वाचली. आईला हवं ते मिळालं होतं. मला तो पाहुणा नको होता, भाऊ हवा होता, आणि हे तिला सांगण्यासारखं नव्हतं. साताऱ्याच्या खोलीत दिवा लागला की मी आधी तळटीपा वाचतो, मग वरचं पान.